गासडी कोणी फोडली? चोरी, विश्वासघात आणि फसवणूक हे तीन वेगळे गुन्हे कसे झाले, याचा इतिहास

१/
इ.स. १४७३. इंग्लंडच्या गादीवर चौथा एडवर्ड होता. एका परदेशी व्यापाऱ्याने मालाच्या काही गासड्या साउथॅम्प्टन बंदरात पोहोचवण्यासाठी एका वाहतूकदाराच्या स्वाधीन केल्या. वाहतूकदार बंदराकडे गेलाच नाही. त्याने गासड्या भलतीकडे नेल्या, फोडल्या आणि आतला माल स्वतःकडे ठेवून घेतला. ही चोरी आहे, असे आज कोणीही सहज म्हणेल. त्या काळच्या न्यायाधीशांना मात्र तसे सहज म्हणता येईना.

२/
त्यांची अडचण साधी होती. चोर म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय उचलणारा. इथे तर मालकाने स्वतःच्या हाताने माल दिला होता. जी वस्तू आधीच कायदेशीर रीतीने माणसाच्या ताब्यात आहे, ती तो चोरणार कशी? या एका प्रश्नाची उत्तरे शोधण्यात इंग्रजी कायद्याची तीनशेहून अधिक वर्षे गेली. आज पोलीस ठाण्यात नोंदवल्या जाणाऱ्या चोरी, अपहार, विश्वासघात आणि फसवणूक या वेगवेगळ्या कलमांचे मूळ त्याच प्रश्नात आहे.

३/
मध्ययुगीन कायद्याच्या दृष्टीने चोरी हा मुख्यतः शांतताभंगाचा प्रकार होता. कोणी रात्री गोठ्यातून गुरे हाकून नेतो, कोणी पेटी उचलून पळतो. अशा कृत्यातून मारामाऱ्या होतात, सूड उगवला जातो आणि राजाची शांतता मोडते. म्हणून राजा मध्ये पडतो. परंतु एखाद्याने विश्वासाने वस्तू दिली आणि घेणाऱ्याने ती गिळंकृत केली, तर तो दोन माणसांमधला दिवाणी तंटा मानला जाई. माणूस नीट पारखून घ्यायला हवा होता, हीच त्यामागची वृत्ती होती.

४/
या भेदाचे परिणाम भयंकर होते. १२७५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्यापासून १२ पेन्सची मर्यादा महत्त्वाची ठरली. त्याहून अधिक किमतीची चोरी ही मोठी चोरी आणि तिची शिक्षा मृत्युदंड. म्हणजे कुंपणावरून मेंढरू पळवणारा फासावर जाऊ शकत होता आणि विश्वासाने सोपवलेला गाडीभर माल पचवणाऱ्यावर फार तर भरपाईचा दावा होऊ शकत होता.

५/
१४७३ चा खटला स्टार चेंबरमध्ये चर्चेला आला. एका मताप्रमाणे माल स्वेच्छेने दिला होता, म्हणून गुन्हा नव्हता. दुसऱ्या मताप्रमाणे वाहतूकदाराचा हेतू पाहिला पाहिजे. तिसरे मत सर्वांत चतुर होते. व्यापाऱ्याने गासडी दिली, गासडीच्या आतला माल दिला नाही, असे ते मत सांगत होते. गासडी फोडून आत हात घातला त्या क्षणी मालकाच्या ताब्यातील वस्तू उचलली गेली. बहुमताने हा गुन्हा ठरवला आणि पुढच्या कायद्यात हेच तिसरे मत रुजले.

६/
या युक्तिवादातून एक विचित्र नियम जन्माला आला. गासडी फोडून माल विकणारा वाहतूकदार चोर ठरला. तीच गासडी न फोडता जशीच्या तशी विकणारा मात्र चोर ठरला नाही! न्यायाधीशांना हे दिसत नव्हते असे नाही. परंतु जुनी व्याख्या मोडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. म्हणून व्याख्या शाबूत ठेवून तिला एक फट पाडण्यात आली.

७/
इतकी कसरत कशासाठी? अमेरिकन कायदेपंडित जेरोम हॉल यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याचे उत्तर व्यापारात शोधले. लोकर आणि कापड यांचा व्यापार वाढत होता, परदेशी व्यापारी राजाच्या अभयपत्रावर देशात येत होते आणि खुद्द चौथा एडवर्डही व्यापारात गुंतलेला होता. माल दुसऱ्याच्या हाती सोपवल्याशिवाय व्यापार चालत नाही आणि सोपवलेला माल सुरक्षित नसेल तर व्यापारी येत नाहीत. हॉल यांच्या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली. तरीही त्यांनी विचारलेला प्रश्न टिकून आहे : कायदा बदलतो तेव्हा नुकसान कोणाचे झालेले असते?

८/
पुढचा बदलही त्याच दिशेने झाला. १५२९ च्या एका कायद्याने, मालकाने सोपवलेली ४० शिलिंग वा त्याहून अधिक किमतीची वस्तू घेऊन पळणारा नोकर गंभीर गुन्हेगार ठरला. म्हणजे नोकरावर कायद्याची नजर आधी गेली. विश्वस्त, दलाल आणि सावकार यांच्याकडे ती वळायला अजून फार अवकाश होता.

९/
मधल्या काळात चोरीच्या शिक्षा अधिकच कठोर झाल्या. १६९९ च्या कायद्याने दुकानातून ५ शिलिंगांची वस्तू लपवून नेणे आणि १७१३ च्या कायद्याने राहत्या घरातून ४० शिलिंगांची चोरी करणे मृत्युदंडास पात्र ठरले. तेव्हा ज्यूरीतल्या सामान्य माणसांनी स्वतःच एक वाट काढली. माल उघडउघड महाग असला, तरी ते त्याची किंमत ३९ शिलिंग ठरवीत आणि आरोपीचा जीव वाचवीत. विल्यम ब्लॅकस्टोन या प्रसिद्ध कायदेपंडिताने या प्रकाराला दिलेल्या नावाचा अर्थ होतो, पुण्यबुद्धीने मोडलेली शपथ.

१०/
फसवणुकीची कथा याच्या अगदी उलट आहे. १७०३ च्या सुमारास एका माणसाने, आपल्याला अमुक गृहस्थाने पाठवले आहे असे खोटेच सांगून पैसे उकळले. मुख्य न्यायाधीश होल्ट यांच्यापुढे खटला आला. एका माणसाने दुसऱ्याला मूर्ख बनवले म्हणून त्याच्यावर फौजदारी खटला भरायचा काय, अशा अर्थाचा त्यांचा सवाल होता. खोटी वजने, खोटी मापे किंवा बनावट खूण वापरली तर सगळ्या समाजाला धोका असतो, म्हणून तो गुन्हा. नुसत्या तोंडी थापेवर विश्वास ठेवणाऱ्याने स्वतःच सावध राहायला हवे होते.

११/
मोठ्या शहरात ही भूमिका टिकणे कठीण होते. गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. लंडनमध्ये मात्र अनोळखी माणसाच्या शब्दावर रोज व्यवहार होत होते. अखेर १७५७ मध्ये संसदेने खोटी बतावणी करून पैसे वा माल मिळवणे हा गुन्हा ठरवला. तरी जुनी धारणा लगेच गेली नाही. १७६१ मध्ये एका मद्य उत्पादकाने १८ गॅलन बिअर म्हणून १६ गॅलनच दिली. न्यायालयाने सामान्य कायद्यानुसार हा गुन्हा मानला नाही. खोटे माप वापरले असते तर गोष्ट वेगळी होती. ग्राहकाने मोजून घ्यायला हवे होते!

१२/
१७७९ मध्ये आणखी एक पेच आला. जॉन पेअर नावाच्या इसमाने सरे परगण्यातल्या सटन गावी जाऊन येतो असे सांगून लंडनमध्ये घोडा भाड्याने घेतला, पत्ता खोटा दिला आणि त्याच दिवशी स्मिथफील्डच्या बाजारात घोडा विकून टाकला. मालकाने घोडा स्वतः दिला होता, मग चोरी कुठली? न्यायाधीशांच्या बहुमताने सांगितले की भाड्याने घेताना मनात विकण्याचाच बेत असेल, तर मालकाची संमती ही संमतीच नव्हे. म्हणून ही चोरी. इथे कायद्याने प्रथमच इतक्या स्पष्टपणे हातांवरून नजर काढून मनाकडे वळवली आणि त्यातही मन नेमक्या कोणत्या क्षणी खोटे झाले, हे विचारले.

१३/
वीस वर्षांनी, १७९९ मध्ये, जोसेफ बेझली या बँक कारकुनाचा खटला उभा राहिला. त्याने ग्राहकाच्या नोकराकडून ठेवीची रक्कम घेतली, ग्राहकाच्या खात्यावर ती पूर्ण जमा दाखवली आणि त्यातली १०० पौंडांची नोट गल्ल्यात न टाकता खिशात घातली. न्यायाधीशांनी विचार केला : ही नोट बँकेच्या ताब्यात कधी आली होती का? नाही. ती ग्राहकाकडून थेट कारकुनाच्या हाती आली. जी वस्तू बँकेच्या ताब्यात आलीच नाही ती बँकेकडून चोरली कशी जाईल? बेझली सुटला.

१४/
या निकालाने लंडनच्या बँका हादरल्या. ज्यांचा सारा धंदा कारकुनांच्या हातांवर चालत होता त्यांना हा निकाल परवडणारा नव्हता. त्याच वर्षी संसदेने कायदा केला आणि मालकाच्या वतीने स्वीकारलेली रक्कम गिळणाऱ्या कारकुनाचे व नोकराचे कृत्य ‘अपहार’ या वेगळ्या गुन्ह्यात घातले. आपल्याकडे सोपवलेली मालमत्ता लाटणाऱ्या विश्वस्तांसाठी मात्र सर्वसाधारण फौजदारी कायदा यायला १८५७ साल उजाडावे लागले.

१५/
अशा रीतीने एकाच हव्यासाचे तीन कप्पे झाले. ताब्यातून उचलले तर चोरी. हाती सोपवलेले पचवले तर अपहार. थाप मारून मिळवले तर खोटी बतावणी. कप्प्यांच्या भिंती इतक्या ताठ होत्या की आरोप एका कप्प्यातला आणि पुरावा दुसऱ्या कप्प्यातला निघाला, तर दोषी माणूसही सुटे. कायद्याचे हे जाळे कोणी आखून विणलेले नव्हते. ते ठिगळ ठिगळ जोडून बनले होते.

१६/
हे ठिगळांचे जाळे हिंदुस्थानातही आले, पण सर्वत्र नव्हे. मुंबई शहरातील राजाच्या न्यायालयात इंग्रजी फौजदारी कायदा चालत असे. शहराबाहेर, मुंबई इलाख्याच्या मुलखात, गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत तयार झालेला १८२७ चा चौदावा रेग्युलेशन लागू होता. फौजदारी कायदा एकत्र लिहून काढण्याचा तो आरंभीचा प्रयत्न. बंगाल आणि मद्रास इलाख्यांत कंपनीने फेरफार केलेला इस्लामी फौजदारी कायदा चालू होता. म्हणजे एकच कृत्य, पण माहीमच्या खाडीच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा.

१७/
१८३३ च्या सनदी कायद्यानंतर पहिला विधी आयोग नेमला गेला. अध्यक्ष थॉमस मेकॉले होते आणि सदस्यांत मुंबई इलाख्याचे प्रतिनिधी म्हणून जी. डब्ल्यू. अँडरसन होते. आयोगाचा मसुदा १८३७ मध्ये सादर झाला, तेवीस वर्षे दप्तरात राहिला, बार्न्स पीकॉक यांच्या हातून त्यात दुरुस्त्या झाल्या आणि ६ ऑक्टोबर १८६० रोजी तो भारतीय दंड संहिता म्हणून मंजूर झाला. अंमल सुरू झाला १ जानेवारी १८६२ पासून.

१८/
इंग्लंडमध्ये जे जमले नव्हते ते इथे कागदावर उतरले. कलम ३७८ ने चोरीचे घटक मोजून दिले : जंगम मालमत्ता, दुसऱ्याचा ताबा, संमतीचा अभाव, बेइमान हेतू आणि त्या हेतूने वस्तू हलवणे. मूळ व्याख्येसोबत दिलेली उदाहरणे आजही वाचनीय आहेत. खजिन्याची पेटी वाहणारा बैल दिसला आणि पेटी लाटण्यासाठी कोणी बैलाला हाकलले, तर बैलाने पाऊल उचलताच चोरी पूर्ण झाली. इतकेच काय, माणूस स्वतःचे घड्याळही चोरू शकतो. दुरुस्तीचे पैसे थकल्यामुळे कारागिराने हक्काने अडवून ठेवलेले घड्याळ मालकाने ते तारण बुडवण्यासाठी उचलले, तर ती चोरी.

१९/
सर्वांत बोलके उदाहरण चांदीच्या भांड्यांचे. मालकाने भांडी घरच्या नोकराच्या देखरेखीखाली ठेवली आणि तो ती घेऊन पळाला, तर चोरी. कारण भांडी नोकराच्या हाती असली तरी ताबा मालकाचाच. प्रवासाला निघालेल्या मालकाने तीच भांडी वखारवाल्याकडे ठेवली आणि त्याने ती सोनाराला विकली, तर चोरी नव्हे, फौजदारी विश्वासघात. रस्त्यावर कोणाच्याच ताब्यात नसलेली अंगठी सापडली आणि ती बेइमानीने वापरली, तर तो अपहार. तिन्ही उदाहरणांत तोटा मालकाचाच होतो. गुन्ह्याचे नाव ठरते ते वस्तू हाती कशी आली यावरून.

२०/
१४७३ च्या गासडीचे काय झाले? कलम ४०७ ने वाहतूकदार, धक्केवाला आणि वखारवाला यांनी सोपवलेल्या मालाबाबत केलेल्या विश्वासघाताला सात वर्षांपर्यंत कारावास सांगितला. गासडी फोडली की अख्खी विकली हा प्रश्नच संपला. बेझलीसारख्या कारकुनासाठी कलम ४०८ आले, तेही सात वर्षांचे. लोकसेवक, बँकर, व्यापारी, दलाल यांच्यासाठी कलम ४०९, ज्यात शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते.

२१/
शिक्षांचा हा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावास, साध्या विश्वासघातालाही तेवढाच. परंतु विश्वास जितका मोठा, तितकी शिक्षा वाढत जाते. जुन्या इंग्लंडमध्ये मेंढरू उचलणाऱ्यासाठी फास होता आणि सोपवलेला माल पचवणाऱ्यासाठी पळवाट. संहितेत किमान कागदावर तरी हा तराजू उलटला.

२२/
फसवणुकीच्या कलमांपैकी ४२० हा आकडा तर कायद्याच्या पुस्तकातून थेट बोलीभाषेत आला. लबाड माणसाला ‘चारसोबीस’ म्हणणे इतके रूढ झाले की १९५५ मध्ये राज कपूर यांच्या चित्रपटाच्या नावातही तो आकडा झळकला. पण या कलमाचे मर्म अनेकदा विसरले जाते. वचन दिले त्याच क्षणी ते मोडण्याचा इरादा असेल, तरच ती फसवणूक. प्रामाणिकपणे उसने घेतलेले पैसे धंदा बुडाल्याने फेडता आले नाहीत, तर तो दिवाणी वाद. घोडा भाड्याने घेताना पेअरच्या मनात काय होते, हाच तो जुना प्रश्न.

२३/
वस्तू कायमची लाटण्याचा बेत हवाच का? १४ मे १९५२ रोजी जोधपूरच्या हवाई दल अकादमीतून एका कॅडेटने, आदल्याच दिवशी अकादमीतून काढून टाकलेल्या एका साथीदारासह, परवानगीविना हार्वर्ड विमान उडवले आणि ते पाकिस्तानात उतरले. विमान ठेवून घेण्याचा इरादा नव्हता, असा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सांगितले की भारतीय व्याख्येत मालकाला थोड्या काळासाठी बेइमानीने वंचित करणेही पुरेसे आहे. इंग्लंडच्या तत्कालीन कायद्याला कायमचे हिरावण्याचा हेतू लागत असे. भारतीय संहितेची वाट इथे वेगळी झाली.

२४/
विसाव्या शतकाच्या अखेरीस नुकसान झालेला माणूसही बदलला. १९९२ च्या मुंबईतील रोखे घोटाळ्यानंतर स्वतंत्र विशेष न्यायालयाचा कायदा करावा लागला. ठेवी घेऊन परत न देणाऱ्या वित्तीय संस्थांसाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा केला. त्यात शिक्षेबरोबरच संस्थेची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद आहे. कारण निवृत्तिवेतनातून ठेव ठेवलेल्या माणसाला आरोपीच्या तुरुंगवासाइतकेच, किंबहुना अधिक, स्वतःचे पैसे परत मिळणे महत्त्वाचे असते. १४७३ मध्ये परदेशी व्यापाऱ्यासाठी हललेला कायदा छोट्या ठेवीदारापर्यंत पोहोचायला पाच शतके लागली.

२५/
१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. चोरी आता कलम ३०३, अपहार ३१४, विश्वासघात ३१६ आणि फसवणूक ३१८ मध्ये आहे. हिसकावून पळण्याला ३०४ हे स्वतंत्र कलम मिळाले. ५,००० रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू परत केली, तर सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. ३९ शिलिंग लिहून जीव वाचवणाऱ्या ज्यूरीला जे चोरून करावे लागले, ते आता कायदाच उघडपणे करतो.

२६/
तरीही जुना गोंधळ संपलेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात पुन्हा एकदा बजावले की एकाच घटनेत विश्वासघात आणि फसवणूक हे दोन्ही गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत. फसवणुकीत बेइमानी आरंभापासून असते, विश्वासघातात वस्तू आधी प्रामाणिकपणे सोपवली जाते आणि नियत नंतर फिरते. हा फरक न पाहता सरसकट दोन्ही कलमे लावली जातात, याबद्दल न्यायालयाने नाराजी व्यक्त केली. असे घडते तेव्हा दिवाणी वादातला माणूस नाहक आरोपी होतो, किंवा खरा गुन्हेगार चुकीच्या कलमामुळे निसटतो.

२७/
म्हणून आर्थिक गुन्ह्याची कोणतीही बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत. वस्तू वा पैसा आरोपीच्या हाती कसा आला : उचलून, सोपवल्यामुळे, की थापेमुळे? नियत नेमकी कधी फिरली? आणि ज्याचे नुकसान झाले त्याला काय परत मिळणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देण्याइतका कायदा गेल्या साडेपाचशे वर्षांत शहाणा झाला. तिसऱ्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न त्याने अलीकडेच सुरू केला आहे.

– समाप्त –